एलिमेंटरी ते इंटरमिजिएट: दीड वर्ष, दोन क्लास आणि आमचा अनुभव

लेकीचा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा निकाल लागला आणि सोसायटीतल्या तिघीचौघींनी एकच प्रश्न विचारला, "क्लास कुठला लावलात? फायदा होतो का?" प्रत्येकीला जिन्यात उभं राहून अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहिते. आम्ही साताऱ्यात राहतो. लेकीने आठवीत एलिमेंटरी दिली, नववीत इंटरमिजिएट. दोन्ही वर्षी क्लास वेगळे होते. दोघांचीही नावं देत नाही, कारण प्रश्न एका क्लासचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेतं. प्रत्येकीत चार पेपर असतात: समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र म्हणजे डिझाइन, आणि भूमिती व अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तूंच्या मागे कापड येतं आणि भूमितीत घनाकृती येतात. आमच्याकडे फॉर्म शाळेतूनच भरला, क्लासचा त्याच्याशी संबंध नव्हता. दहावीला मिळणारे वाढीव गुण राज्य मंडळाचे आहेत: इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर ७, बी असेल तर ५, सी असेल तर ३. त्यासाठी शाळेला वेळेत मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. दहावीच्या वर्षी पालकांनी ही आठवण शाळेला स्वतः करून द्यावी.

आता पहिला क्लास. वर्षाचे आठ हजार, साहित्य वेगळं. एका खोलीत पंचवीस मुलं, भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांची ए श्रेणीची चित्रं. ती बघूनच मी पैसे भरले. दर आठवड्याला मुलांना स्मरणचित्राची एक झेरॉक्स मिळायची. पावसातला बसथांबा, भाजी मंडई, वृक्षारोपण, पतंग उडवणारी मुलं. ते चित्र चार वेळा काढायचं, पाठ करायचं, परीक्षेत उतरवायचं. झेरॉक्सच्या मागे रंगही लिहिलेले असायचे: साडी पिवळी, छत्री जांभळी, आकाश खाली फिकट वर गडद. वस्तुचित्रासाठी फळ्यावर घागर काढून दाखवायचे आणि मुलं फळ्यावरून उतरवून घ्यायची. खरी घागर मांडलेली मी वर्षभरात एकदाही पाहिली नाही.

परीक्षेहून आल्यावर लेक म्हणाली, "आई, आमच्या ओळीत पाच जणींनी तीच छत्रीवाली बाई काढली." तिला त्याचं वाईट वाटलं होतं. बी श्रेणी मिळाली, घरी पेढे आले, पण पुढचे तीन महिने तिने वही उघडली नाही. चित्रकलेचा क्लास लावून मुलीचं चित्र काढणं थांबावं, याचा मला फार त्रास झाला. लहानपणापासून ही पोरगी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गुडघे टेकून तासन्तास चित्रं काढत बसायची.

माझे वडील, आप्पा, मोती चौकाच्या परिसरातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला आणि काम गेलं, पण त्यांचे ब्रश अजून केरोसीनने धुऊन कपड्यात गुंडाळून ठेवलेले आहेत. त्यांनी तिची एलिमेंटरीची वही चाळली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, हिच्या हाताला वळण आहे, पण डोळ्याला कुणी काही दाखवलंच नाही." दुसरा क्लास त्यांनीच शोधला. शाळेतून निवृत्त झालेले एक चित्रकला शिक्षक घराच्या पडवीत सात-आठ मुलांना शिकवतात, महिना सातशे रुपये. फेब्रुवारीत सुरू केलं ते परीक्षेपर्यंत, म्हणजे जवळपास आठ महिने.

पहिला महिनाभर रंग नाहीत. एक वीट, दोन कांदे आणि पितळी तांब्या, एवढंच. खोडरबर सरांनी काढून घेतला. चुकलेली रेघ तशीच ठेवायची, शेजारी बरोबर काढायची. हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवत तांब्याची उंची मोजायची आणि रुंदी त्यात किती वेळा बसते ते बघायचं. सुरुवातीला लेक कंटाळली. मलाही वाटलं, सातशे रुपये देऊन वीट काढायची?

मग एके दिवशी घरी येऊन तिने मला स्वयंपाकघरात ओट्यासमोर खाली बसवलं. ओट्यावर पातेलं ठेवलं आणि म्हणाली, "आता तोंड कसं दिसतं?" एक आडवी रेघ. "हळूहळू उभी राहा." तसतसं तोंड उघडत गेलं, लंबगोल फुगत गेला. मग तिने मला तळाकडे बघायला लावलं. वरून बघताना तोंडाचा लंबगोल चपटा दिसतो, तर तळाची कड त्याहून जास्त गोलाईने वळलेली असते, कारण तळ डोळ्याच्या पातळीपासून आणखी खाली असतो. बहुतेक मुलं घागरीचं तोंड गोल काढतात आणि बूड सरळ रेघेने कापतात, म्हणून घागर कागदावर टेकत नाही, तरंगते. तिच्या एलिमेंटरीच्या वहीतल्या सगळ्या घागरी तशाच होत्या. चाळीस वर्षं मी रोज भांडी घासते, पण हे मला माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने दाखवलं.

परीक्षेत याला किती महत्त्व आहे ते बघा. वर्गाच्या मध्यभागी वस्तू मांडतात आणि मुलं भोवती बसतात. प्रत्येकाला कोन वेगळा, उजेड वेगळा. खिडकीकडच्या मुलाला घागरीची उजळ बाजू दिसते, त्याच्या समोरच्याला सावलीची. पाठ केलेली घागर तिथे चालतच नाही. माझ्या मते या अख्ख्या अभ्यासक्रमात सगळ्यात मोलाचा पेपर हाच आहे, आणि क्लास निवडताना पालकांनी एवढं एकच बघावं: तिथे खऱ्या वस्तू मांडतात का?

पुढे धातू आणि माती यातला फरक आला. मातीच्या मडक्यावर उजेड हळूहळू सावलीत विरघळतो, पितळेवर मात्र उजळ पट्ट्याच्या अगदी शेजारी काळा पट्टा येतो आणि बाजूच्या कांद्याचा लालसर रंगही त्यात उतरतो. मग कापड. घडी कुठून सुटते, कुठे अडकते, तिच्या पोटात सावली कशी साचते. आमच्याकडे दोन महिने टॉवेल खुर्चीवरून काढायला मनाई होती.

रंगांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण त्यात आमचे पैसे वाया गेले होते. पहिल्या क्लासमध्ये सगळं पोस्टर रंगात करून घ्यायचे आणि उजेड दाखवायचा म्हटलं की पांढरा मिसळायला सांगायचे. त्यामुळे चित्रं खडूसारखी दिसायची. दुसऱ्या सरांनी आधी जलरंग दिले. जलरंग पारदर्शक असतो, त्यात उजेड म्हणजे मोकळा सोडलेला कागद, तो आधीच ठरवून राखावा लागतो. पोस्टर अपारदर्शक, त्यात गडदावर फिकट चढवता येतो, म्हणून डिझाइनच्या सपाट रंगाला तो उत्तम. दोन्हींची कामं वेगळी. बारा बाटल्यांचा एक पोस्टर संच, जलरंगाच्या ट्यूब, दोन, चार आणि सहा नंबरचे गोल ब्रश, एक चपटा ब्रश, कार्ट्रिज कागद, बोर्ड, क्लिपा, एचबी, टूबी आणि फोरबी पेन्सिली: आमचं सगळं मिळून अठराशेच्या आत बसलं. याहून महाग काहीही घेऊ नका. पावसाळ्यात साताऱ्याच्या हवेत रंग वाळत नाहीत, आणि परीक्षाही नेमकी पावसाळा सरता सरता येते, तेव्हा ओल्यावर दुसरा हात न चढवण्याची सवय जुलैपासूनच लावा.

डिझाइनमध्ये विरोधी रंगसंगती, एकरंगी छटा, उष्ण-शीत हे सगळं दोन्ही क्लासनी बऱ्यापैकी करून घेतलं. त्यावर फार सांगण्यासारखं नाही.

अक्षरलेखनाबद्दल मात्र आहे. हा भाग सगळेच क्लास शेवटच्या पंधरा दिवसांत उरकतात, आमचे चांगले सरही त्याला अपवाद नव्हते. तो आप्पांनी घरी घेतला. क्लासमध्ये चौकटी आखून प्रत्येक चौकटीत एक अक्षर भरायला शिकवतात. आप्पा म्हणाले, "र आणि क्ष यांना एकसारखी जागा दिलीस तर र उपाशी मरेल आणि क्षचा श्वास कोंडेल." अक्षरांमधली जागा पट्टीने मोजायची नसते, डोळ्याने तोलायची असते. काना असलेलं अक्षर शेजारच्याला किती जवळ चालतं, ठ आणि ट यांच्या गोलाईभोवती किती पांढरं आपोआप मोकळं राहतं, वेलांटीचा वळसा शिरोरेषेच्या वर किती उंच न्यायचा. पाटीवर शब्द लिहिण्याआधी ते खडूने अक्षरांचे फक्त उभे दांडे मारायचे आणि लांब जाऊन बघायचे. लेकीनेही तेच केलं, पेन्सिलीचे हलके दांडे आणि मग चार पावलं मागे. आप्पांचं हे ज्ञान कुणाला हवंय असं मला कितीतरी वर्षं वाटत नव्हतं. ऑगस्टभर आजोबा आणि नात रात्री जेवणानंतर टेबलाशी बसायचे, आणि मी भांडी आवरत ऐकत राहायचे.

दुसऱ्या क्लासमध्ये उणिवा होत्या आणि त्याही सांगते. वेळ लावून सराव झालाच नाही. सर एका कांद्यावर दोन तास देणारे, मुलांना घाई करायची नाही या मताचे. परीक्षेत घड्याळ थांबत नाही. लेकीचं संकल्पचित्र अपुरं राहिलं, एका कोपऱ्यात रंगाचा दुसरा हात नाही की बाह्यरेषा नाही. घनभूमितीही कच्ची राहिली. शंकू किंवा सूची (पिरॅमिड) समोरून कशी दिसते आणि वरून कशी, हे सरांना स्वतःला येतं पण समजावता येत नाही. शेवटी माझ्या नवऱ्याने गाजर कापून आणि पुठ्ठ्याचे आकार करून ते शिकवलं. दोन वेळा सर गावी गेले आणि दहा-दहा दिवस क्लास बंद, निरोप नाही. सात-आठ मुलं असल्यामुळे भरून निघालं, पण नोकरी करणाऱ्या पालकांची धावपळ होते.

आणि इतिहास कुठेच नाही. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला चित्रकला घेतलेल्या मुलांना राजस्थानी, पहाडी, मुघल, दख्खनी शैली अभ्यासाला असतात. आपल्या या परीक्षांत मात्र मूल एकाही चित्रकाराचं नाव न ऐकता ए श्रेणी मिळवू शकतं. ही उणीव आम्ही एका रविवारी औंधला जाऊन थोडी भरून काढली. साताऱ्यापासून सकाळी निघून दुपारी परत येता येतं. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलं. राजे स्वतः चित्रकार होते. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि धुरंधरांचीही. धुरंधर आपल्या कोल्हापूरचे, १८६७ चा जन्म, मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवलं, हे मी तिला गाडीत सांगितलं होतं. ती एका चित्राजवळ गेली, मागे आली, परत गेली. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली, "साडीची घडी. इथे त्यांनी किती कमी काढलंय." त्या एका वाक्यासाठी मी सरांची दहा दिवसांची दांडी विसरले.

पुढे याच क्षेत्रात जायचं असेल तर एक उपयोग लक्षात ठेवा. बारावीनंतर राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या पदवीसाठी जी सीईटी होते, तिच्यातही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हेच प्रात्यक्षिकाचे विषय आहेत, जोडीला कलाविषयक वस्तुनिष्ठ प्रश्न. नववीत घागर टेकवायला शिकलेल्या मुलाला तिथे अनोळखी वाटत नाही. लेकीचं अजून काही ठरलेलं नाही आणि आम्हाला घाई नाही.

निकाल? बी श्रेणी. एलिमेंटरीलाही बी होती. दोन शेजारणींनी लगेच हिशेब केला की मग क्लास बदलून मिळालं काय. कागदावर काहीच नाही, दहावीला पाच गुण मिळतील तेवढे सोडून. पण गेल्या वर्षी निकालानंतर बंद पडलेली वही यंदा निकालाच्या दिवशी संध्याकाळीही उघडी होती. आता ती एसटी स्टँडवर वाट बघतानाही बसलेल्या माणसांची पटापट रेखाटनं करते, आणि त्यातली एकही बाई झेरॉक्सवरची नसते.

दोन्ही क्लासना गुण द्यायचे झाले तर पहिल्याला दहापैकी तीन, तेही वेळ पाळल्याबद्दल. दुसऱ्याला आठ. घड्याळ लावून सराव घेतला असता तर नऊ दिले असते, आणि सरांना मी हे तोंडावर सांगितलंय. ते म्हणाले, "ताई, बरोबर आहे तुमचं. यंदा ऑगस्टपासून घड्याळ मांडतो."

यंदा धाकटा एलिमेंटरीला बसतोय. त्याला थेट सरांच्या पडवीत घालणार आहे, भूमिती त्याचे बाबा बघतील. अक्षरांसाठी आप्पांनी आत्तापासूनच त्याच्याकडून रोज दहा उभे दांडे मारून घ्यायला सुरुवात केली आहे.