१० मीटर रुंदीचा फ्रेम तंबू: सांगाडा भक्कम, खुंट्या तोकड्या

सांगाडा उत्तम आहे: ॲल्युमिनियमच्या कमानी, जोडांना गॅल्व्हनाइज्ड पोलाद. घोळ आहे तो जमिनीत. सोबतच्या ६० सेंमीच्या खुंट्या घट्ट मुरमात धरतात, ओल्या मातीत सैल होतात. तिथे मीटरभर लांबीच्याच हव्यात. आखणी करताना दोन्ही कर्ण मोजा. ते जुळले नाहीत तर शेवटच्या गाळ्यात, म्हणजे दोन कमानींमधल्या भागात, आडव्या दांड्या बसत नाहीत, मग हातोडा चालतो आणि पिना वाकतात. पहिल्या दोन कमानी उभ्या राहिल्या की तिरप्या केबल लगेच ताणा. तिसरीची घाई नको. छताचं कापड खोबणीतून दोन्ही बाजूंनी सारखं ओढायचं, नाहीतर चुण्या पडून पाणी साचतं. वाऱ्याची मर्यादा माहितीपत्रकात छापलेलीच नाही, हे मात्र अक्षम्य. ती लेखी मागून घ्या.