वायर दिसणार नाही म्हणाला, तेवढा शब्द मात्र पाळला

गाडीत डॅशकॅम, म्हणजे काचेवरून सतत रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, बसवून घ्यायचा बेत असेल तर कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर डोकं शिणवण्याआधी हे वाचा. माझा कॅमेरा चांगलाच निघाला, चित्र स्वच्छ, रात्रीचेही नंबर वाचता येतात. लुबाडलं ते फिटिंगमध्ये. पत्र्याआड आणि प्लास्टिकआड काय केलंय ते गिऱ्हाईक कधी उघडून बघणार नाही, या भरवशावर.

मी मालवणात राहते. छोटा होमस्टे आहे, पाहुण्यांना आणायला कुडाळ स्टेशन नाहीतर चिपी विमानतळ, सोडायलाही मीच. हायवे चौपदरी झाल्यापासून उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या आणि पावसाळ्यात रस्त्याच्या मधोमध ठाण मांडून बसलेली गुरं, यातलं काहीही कधीही समोर येतं. वर काही झालं की चूक चारचाकीचीच. म्हणून कॅमेरा.

हायवेलगतच्या एका कार डेकोरमध्ये पुढचा-मागचा असा जोड कॅमेरा घेतला. खोक्यावर 'हार्डवायर किट समाविष्ट' असं छापलेलं होतं, ते मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. मालक म्हणाला, "ताई, एक वायर दिसणार नाही. एक वायर कापणारसुद्धा नाही. कंपनी फिटिंग समजा." मग लगेच, "दोन तास लागतील, इथे उकडतंय, तुम्ही बाजार करून या." परत आले तेव्हा गाडी पुसून तयार. काचेवर कॅमेरा, स्क्रीनवर रस्ता, वायर खरंच कुठे दिसेना. "पार्किंग मोडपण चालू करून दिलाय, चोवीस तास रेकॉर्डिंग," असं वर उपकार केल्यासारखं सांगितलं. बिल म्हणून एका चिठ्ठीवर 'कॅमेरा सेट, कार्ड, फिटिंग' आणि खाली एकच आकडा.

हार्डवायर किट म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. काडेपेटीएवढी डबी असते. तिच्या एका टोकाला तीन वायरी असतात. बहुतेक किटमध्ये पिवळी कायम चालू असलेल्या सप्लायला, लाल चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या सप्लायला आणि काळी बॉडीच्या बोल्टला, म्हणजे अर्थिंगला. दुसऱ्या टोकाने ती गाडीचे १२ व्होल्ट कॅमेऱ्याला लागणाऱ्या ५ व्होल्टवर आणते. पण तिचं खरं काम पहारेकऱ्याचं. गाडी उभी असताना बॅटरी ठरलेल्या व्होल्टेजच्या खाली गेली की ती कॅमेऱ्याचा सप्लाय तोडते, म्हणजे सकाळी स्टार्टर फिरण्याइतका जीव बॅटरीत उरतो. पूर्ण चार्ज बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी संपली. ही डबी नसेल तर कॅमेरा बॅटरी चोखतच राहतो.

पहिली कुरबूर सुरू झाली ती बॅटरीची. सलग चालवली की ठीक, दोन-चार दिवस अंगणात उभी राहिली की सकाळी नुसती कट्‌कट्. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावून निघायचं. दुकानात फोन केला तर, "बॅटरी जुनी झाली असेल ताई." बॅटरीवाला तर नवी खांद्यावर घेऊनच उभा. पण ती बॅटरी एवढी जुनी नव्हती, आणि कॅमेरा लागायच्या आधी तिने कधी त्रास दिला नव्हता.

शेवटी आमच्या इथल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेले. त्यांनी बॅटरी चार्ज करून लोड टेस्ट केली आणि मान हलवली. "वैनी, बॅटरी बरी आसा. गाडीत कायतरी करंट खाता." मग निगेटिव्हची केबल सोडवून मधे मल्टिमीटर लावला, गाडी लॉक केली आणि चहा सांगितला. चहा उगाच नव्हता. हल्लीच्या गाड्या लॉक केल्यावर लगेच झोपत नाहीत, आतले कंट्रोलर शांत व्हायला वेळ घेतात, तोवरचं रीडिंग खोटं. झोपलेली गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. आमचा काटा ३४० वर अडकून बसलेला. हिशेब करा: दिवसाला आठ अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दोन दिवसांत निम्मी साफ, तिसऱ्या दिवशी स्टार्टर कशाच्या जोरावर फिरणार?

काकांनी मग केबिनमधल्या फ्यूज बॉक्समधले फ्यूज एकेक करून उपटले. ज्या फ्यूजला हात लावल्यावर आकडा पडेल, चोर त्या लाइनवर. सगळे काढून झाले, आकडा जागचा हलेना. त्यांचा चेहरा तेव्हा बदलला. "ह्येका फ्यूजच नाय," म्हणाले आणि स्टिअरिंगखालचं कव्हर खोलायला घेतलं.

आत जे होतं त्याचे फोटो मी कशालाही हात लावायच्या आधी काढून ठेवले. इग्निशन स्विचकडे जाणाऱ्या कंपनीच्या जाड वायरचं कवच ब्लेडने सोललेलं. उघड्या तांब्याला एक बारीक वायर दोन वेढे मारून गुंडाळलेली आणि वरून काळी टेप. टेपचा गोंद गरमीने पातळ होऊन ओघळला होता, बोटाला काळा चिकट लागला. टेप उलगडली तर तांब्यावर हिरवा थर. आमच्याकडे खाऱ्या हवेत उघडा जोड असाच होतो. रेझिस्टन्स वाढतो, जोड तापतो. ती बारीक वायर पुढे एका लोकल कन्व्हर्टरला गेलेली, मोबाइल चार्जरच्या आतला असतो तसला, उष्णतेत आकसणाऱ्या नळीत गुंडाळलेला. बॅटरी सांभाळणारी डबी कुठेच नाही. माझ्या खोक्यातलं किट गाडीत बसलंच नव्हतं.

बॅटरी उतरणं हा यातला किरकोळ भाग. इग्निशनच्या त्या लाइनचा फ्यूज इंजिनच्या बाजूला असतो आणि तो मोठ्या करंटचा असतो, कारण त्याच्यावर बरंच काही चालतं. बारीक वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूज उडायच्या आधी वायर लाल होईल. ती डॅशबोर्डच्या आत, फोम आणि प्लास्टिकच्या गर्दीत. गाडीला आग लागल्याच्या बातम्या वाचताना आपण गाडीच्या कंपनीला शिव्या देतो.

आता काका पेटले होते. म्हणाले वरचं पण बघू. बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबले आणि मग ए-पिलरचं, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाचं कव्हर काढलं. थांबण्याचं कारण एअरबॅग. तिच्या सर्किटमध्ये काही काळ चार्ज शिल्लक राहतो. त्या कव्हरवर 'एअरबॅग' असं कोरलेलं असतं, तुमच्या गाडीलाही असेल तर बघा. आत पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते आणि धडकेत ती डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर येते. कॅमेऱ्याची वायर तिच्या मागून, कंपनीच्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, बांधून न्यायची असते. माझी वायर एअरबॅगच्या पुढून आणलेली होती आणि हलू नये म्हणून एअरबॅगसकट झिप टायने आवळलेली. कव्हरची क्लिप तोडून ठेवली होती, तिच्या जागी डबल टेप. बऱ्याच गाड्यांत ती क्लिप मुद्दाम दोरीवाली असते, एअरबॅग फुटताना कव्हर उडून माणसाच्या तोंडावर येऊ नये म्हणून. दिसायला फिटिंग मात्र सुरेख, फट नाही काही नाही.

मागचा कॅमेराही तसाच. डिक्कीच्या दारात वायर न्यायला रबरी नळी असते, तिच्यातून ओवायला वेळ लागतो आणि हात दुखतात. यांनी बीडिंगखालून, म्हणजे दाराच्या कडेच्या रबरी पट्टीखालून, सरळ बाहेर काढली. त्यामुळे बीडिंग तेवढ्या जागी उचललं गेलं. आमच्याकडच्या धो धो पावसाला एवढी फट पुरते. डिक्कीचं कार्पेट खाली ओलं आणि स्टेपनीच्या खळग्यात पाणी. तो कुबट वास मी इतके दिवस पाहुण्यांच्या सुक्या मासळीवर ढकलत होते.

कार्डाचं कळलं ते वेगळ्या कारणाने. बाजारात एका टेंपोने बंपर खरवडला, संध्याकाळी फुटेज बघायला गेले तर फाइल उघडेना. कार्डावर १२८ जीबी लिहिलेलं, लॅपटॉपही १२८ दाखवत होता. भाच्याने एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवला. तो कार्ड डेटाने भरतो आणि परत वाचून ताडतो. खरी जागा निघाली ३२ च्या आत. बनावट कार्ड आपली क्षमता खोटी सांगतं आणि जागा संपली की लिहिल्याचं नाटक करतं. डॅशकॅममध्ये हे खपून जातं, कारण फुटेज रोज कोण बघतो? नवं कार्ड आणलंत तर कॅमेऱ्यात घालायच्या आधी ही परीक्षा घ्या, आणि 'हाय एंड्युरन्स' प्रकारचंच घ्या. सतत पुसून परत लिहिणं साध्या कार्डाला फार काळ झेपत नाही.

फोटो घेऊन दुकानात गेले. मालकाचं पहिलं वाक्य, "गाडी दुसरीकडे उघडलीत ना, मग आता आमची जबाबदारी नाही." दुसरं, "हे आमच्या पोराने केलंच नसेल." किट कुठे गेलं यावर, "त्या मॉडेलमध्ये किट येतच नाही." मी खोकं बरोबर नेलं होतं, ते काउंटरवर ठेवलं. त्याच्यामागच्या काचेच्या कपाटात त्याच कंपनीची सुटी किट पारदर्शक पिशव्यांत लटकत होती, खोक्याशिवाय, वेगळी किंमत लावून. ती कुठून येतात याचा तर्क ज्याचा त्याने करावा. माझा झालाय.

चिठ्ठीवर ना जीएसटी नंबर ना सामानाची यादी, त्यामुळे तो निर्धास्त होता. पण पैसे मी यूपीआयने दिले होते आणि फिटिंगच्या आधीचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, 'हार्डवायर किटसह, वायर कट नाही' हे त्याच्याच शब्दांत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर त्याला पाठवला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हेही लिहिलं. मग किट आणि कार्डाचे पैसे परत आले. सोललेली वायर, क्लिप, बीडिंग, काकांची मजुरी, यातलं काही नाही. शोरूमने सर्व्हिसच्या वेळी जॉबकार्डवर 'बाहेरील वायरिंग' असा शेरा मारला तो वेगळाच. त्या हार्नेसमध्ये पुढे काही झालं तर वॉरंटीत भांडायला मला तोंड नाही.

काकांनी सगळं नव्याने केलं तेव्हा मी शेजारी स्टूल टाकून बसले होते. सोललेल्या जागी सोल्डरचा डाग देऊन वर उष्णतेत आकसणारी नळी चढवली. सप्लाय घेतला तो फ्यूज टॅपने: फ्यूज काढून त्या खाचेत टॅप बसवायचा, त्यावर मूळ फ्यूज आणि कॅमेऱ्याचा छोटा फ्यूज असे दोन्ही लावायचे, वायर कापायची गरजच नाही. लाल चार्जिंग सॉकेटच्या फ्यूजवर, पिवळी आतल्या दिव्याच्या. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोलर यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं, जणू मीच काम करणार होते. टॅपचा आकारही फ्यूजच्या आकाराशी जुळावा लागतो, नाहीतर तो खाचेत सैल बसतो. किटवर कट-ऑफ, म्हणजे सप्लाय तोडायचा आकडा, १२.२ ला ठेवला. प्रत्येक कव्हर लावण्याआधी मला आत बघायला लावलं आणि फोटो काढून घ्यायला सांगितलं. ए-पिलरच्या क्लिप शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर नगावर मिळतात, पण आमच्याकडे त्या कोल्हापूरहून येईपर्यंत आठवडा गेला. तोवर ते कव्हर मागच्या सीटवर पडून होतं आणि प्रत्येक पाहुणा विचारायचा, हे काय आहे.