चेनला वेट ल्यूब, ड्राय ल्यूब की मेण?

सायकलच्या चेनसाठी वंगण निवडताना बहुतेकांची नजर आधी बाटलीवरच्या शब्दांवर जाते: वेट, ड्राय, वॅक्स, सिरॅमिक. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात. तुमच्या रस्त्यावर धूळ जास्त लागते की पाणी? आणि चेन पुसायला तुम्ही खरोखर किती वेळ काढणार आहात? यातला दुसरा प्रश्न जास्त वजनाचा. साधं तेल लावून नियमित पुसलेली चेन महागडं वंगण ओतून विसरून गेलेल्या चेनपेक्षा मला केव्हाही परवडते.

वंगण नेमकं कुठे लागतं ते आधी पाहू. चेनच्या प्रत्येक कडीत एक पिन असते, तिच्याभोवती आतल्या पट्ट्यांची कड आणि त्या कडेवर मोकळा फिरणारा रोलर. चेन दात्यांवर वळते तेव्हा पिन आणि कड एकमेकींवर घासतात, आणि खरी झीज तिथेच होते. दर पिनमागे होणारी झीज नखाएवढीही नसते, पण गिअरच्या सायकलीला साधारण 110 ते 120 कड्या असतात. सगळ्यांची झीज एकत्र झाली की चेन लांबते, दात्यांवर नीट बसत नाही आणि मग दातेही खाते. म्हणजे वंगण पिनपर्यंत पोचलं तरच कामाचं. बाहेरच्या पट्ट्यांवर चकाकणारं तेल गंज थोडाफार रोखतं, बाकी धूळ गोळा करतं.

वेट ल्यूब म्हणजे दाट, चिकट तेल. पावसात, चिखलात याला तोड नाही. पाण्याने सहजासहजी धुऊन जात नाही, एकदा लावलं की बरेच दिवस चालतं आणि चेनचा आवाज चांगला दबतो. पण तो चिकटपणाच त्याचा दोषही आहे. धुळीच्या रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या झाल्या की चेनवरून बोट फिरवा आणि लागलेला काळा लगदा चिमटीत चोळून पाहा. कचकच लागेल. ती बारीक वाळू आणि लोखंडाचा कीस असतो, आणि तेलाबरोबर तो आत शिरला की पिन घासत राहतो. वेट ल्यूब घेणाऱ्याने फेरी संपली की फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरवायचं, एवढी सवय लावून घ्यावी. ती लागणार नसेल आणि रस्ता कोरडा असेल, तर वेट ल्यूब घेऊच नये.

ड्राय ल्यूबमध्ये मेण किंवा पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) यांसारखा घसरडा पदार्थ पातळ द्रावणात मिसळलेला असतो. द्रावण त्याला आत घेऊन जातं आणि उडून जातं; मागे पातळसा थर उरतो. धूळ कमी चिकटते, पँटला काळे डाग कमी पडतात. मात्र पावसाची एक जोरदार सर आली की बराचसा थर गेलाच म्हणून समजा. कोरड्यातही ते वेट ल्यूबपेक्षा लवकर संपतं आणि चेन चूं-चूं करायला लागते. लोकांची सर्वात मोठी गफलत मात्र वेगळीच असते: ड्राय ल्यूब लावतात आणि लगेच सायकल काढतात. द्रावण उडायला काही तास लागतात. रात्री लावावं, सकाळी निघावं. (पीटीएफई निसर्गात विघटन न होणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांपैकी आहे, त्यामुळे बऱ्याच कंपन्या आता ते वगळतात. तेवढ्यासाठी लेबल वाचायला हरकत नाही.)

थेंबाने लावायचं पातळ मेण बहुधा दुधासारखं पांढरं दिसतं, कारण मेणाचे कण पाण्यात मिसळलेले असतात. याचा थर ड्राय ल्यूबपेक्षा भरीव बसतो आणि चेन स्वच्छ राहते. कोरड्या, धुळीच्या रस्त्यावर रोज सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना मी हेच सुचवेन. अट एकच: चेनवर आधीचं तेल अजिबात नको, नाहीतर मेण धातूला धरत नाही.

सर्वात मेहनतीचा प्रकार म्हणजे चेन काढून वितळलेल्या मेणात बुडवणं. घर्षण मोजणाऱ्या चाचण्यांत अशा चेन वरच्या क्रमांकात येतात, आणि थंड झाल्यावर त्यांना हात लावला तरी बोटं काळी होत नाहीत. पण पहिल्या वेळचं काम मोठं आहे. नव्या चेनवर कंपनीचं ग्रीस असतं. ते टर्पेंटाइनसारख्या द्रावणात पुन्हापुन्हा हलवून काढायचं, मग अल्कोहोलने धुऊन चेन पूर्ण वाळवायची. पॅराफिन मेण साधारण 50 ते 65 अंश सेल्सियसला वितळतं. ते थेट आचेवर ठेवू नका, जास्त तापलेल्या मेणाची वाफ पेट घेते. गरम पाण्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. तारेत ओवलेली चेन आत सोडली की कड्यांमधून बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत हलवत राहायचं, कारण हवा बाहेर आली तरच मेण आत जातं. निथळून थंड झालेली चेन काठीसारखी ताठ होते; एकेक कडी वाकवून मोकळी करावी लागते. कोरड्या रस्त्यावर साधारण 300 किलोमीटरनंतर पुन्हा बुडवायची, आणि भिजली तर त्याच दिवशी वाळवून लवकरात लवकर, नाहीतर गंज चढतो. दर वेळी चेन काढायची म्हणजे क्विक लिंक, म्हणजे चेन सहज उघडता-जोडता येणारी कडी, हवीच, आणि काही कंपन्या आपली क्विक लिंक एकदाच वापरावी असं बजावतात. ज्याला हे काम मनापासून आवडतं त्याने जरूर करावं. रोज पावसात भिजणाऱ्या सायकलसाठी मी ते सुचवणार नाही.

घरातल्या वस्तूंबद्दल थोडक्यात. खाद्यतेल हवेत चिकट होत जातं, नको. ग्रीस दाट असल्याने पिनपर्यंत पोचत नाही. शिलाई मशीनचं तेल आत जातं पण टिकत नाही, अडीअडचणीला ठीक. डब्ल्यूडी-40 हे 1953 मध्ये मुळात धातूवरचं पाणी हटवण्यासाठी बनवलेलं मिश्रण. त्याच्या नेहमीच्या निळ्या-पिवळ्या डब्याने भिजलेल्या चेनमधलं पाणी काढता येतं, मळ सैल करता येतो, पण त्यानंतर खरं वंगण लावावंच लागतं.

लावायची पद्धत तेलाला आणि थेंबाच्या मेणाला सारखीच. चेन आधी स्वच्छ आणि कोरडी करा. मळावर तेल सोडलं की मळच आत ढकलला जातो. क्विक लिंक शोधून तिथून सुरुवात करा, म्हणजे फेरी कुठे पूर्ण झाली ते कळतं. चेनच्या खालून जाणाऱ्या भागावर, दात्यांकडे असणाऱ्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब. धार सोडू नका. पेडल सावकाश उलटं फिरवत राहा, थेंब दोन्ही कडांच्या फटीत शिरताना दिसतो. तेल असेल तर दहा मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने चेन दाबून पुसा, वरून जवळजवळ कोरडी वाटेपर्यंत. मेण असेल तर रात्रभर राहू द्या. स्प्रे वापरत असाल तर डिस्क ब्रेकच्या चकतीवर आधी जाड कापड गुंडाळा. ब्रेक पॅडमध्ये तेल मुरलं तर ते सहसा बदलावेच लागतात, आणि तोवर ब्रेक नीट लागत नाही हे जास्त धोक्याचं.

एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना मिसळ करू नका, मधे चेन पूर्ण धुवा. आणि कोणतंही वंगण निवडलंत तरी महिन्यातून एकदा पट्टीने मोजा: चेन ताणून धरली असता पहिल्या पिनच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये बरोबर 304.8 मिलिमीटर भरतात. 11 किंवा 12 गिअरच्या कॅसेटला (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) ते अंतर दीड मिलिमीटरने वाढलं की चेन बदलावी, त्याहून कमी गिअर असतील तर सव्वादोन मिलिमीटरपर्यंत थांबता येतं.