आल्याची बिअर बाटलीत भरताना: प्लास्टिक की काच, चमचा की पाक?

मे महिन्यातली दुपार. जेवणं होऊन सगळे आडवे झालेले, आणि स्वयंपाकघरातून फाट्‌कन आवाज आला. आईला वाटलं, कुकर. कुकर तर गार होता. ओट्याखाली ठेवलेली सरबताची चौकोनी काचेची बाटली फुटली होती. आल्याची बिअर छतापर्यंत आणि काचा कांद्याच्या टोपलीत. पुढे आठवडाभर मुंग्यांची रांग हटली नाही. त्यानंतर मी बाटल्या आणि साखर दोन्ही नीट ताडून पाहिल्या. तुम्ही हा उद्योग सुरू करणार असाल तर आधी हे वाचा.

नावातल्या ‘बिअर’वर जाऊ नका. खरी बिअर करायचा बेत असेल तर 1949 चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा आडवा येतो. परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. मी करतो ते आल्याचं पेय. किसलेलं आलं, साखर आणि पाणी बरणीत घालून रोज थोडं थोडं आलं-साखर देत पाच-सहा दिवसांत बुडबुडे धरतं, ते विरजण; तेच आल्याच्या सरबतात घालून पेय आंबवायचं. पण बाटलीत फेस कसा कोंडायचा हे गणित बिअरवाल्यांकडूनच उसनं घ्यावं लागतं.

गणित सोपं आहे. यीस्टने 1 ग्रॅम साखर खाल्ली की साधारण अर्धा ग्रॅम वायू सुटतो. म्हणजे लिटरमागे 4 ग्रॅम साखरेचा जेवढा वायू होतो, तो त्या द्रवाच्या आकारमानाएवढा भरतो. बिअरमध्ये असा अडीच पट वायू असतो, दुकानातल्या सोड्यात साडेतीन-चार पट. नाशिकजवळच्या दिंडोरी-गंगापूर भागात फसफसती वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, त्या पद्धतीत लिटरला सुमारे 24 ग्रॅम साखर घालतात आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सहापटीपर्यंत जातो. म्हणून ती बाटली एवढी जड. माझ्या मेमधल्या बाटलीत लिटरला 50 ग्रॅम साखर होती. सगळी आंबली असती तर बारा पट. ती अर्ध्या वाटेतच फुटली, हे नशीब.

इथेच पहिला निर्णय. बिअरवाले आधी सगळी साखर आंबून संपू देतात, मग मोजून थोडी घालतात. दाब तेवढ्यावरच थांबतो. आल्याच्या पेयात बहुतेक जण गोड सरबतच बाटलीत भरतात आणि फेस आला की फ्रिजमध्ये ढकलतात. चव लगेच छान लागते, हे खरं. पण यात सगळी राखण फ्रिजची. लग्नाला दोन दिवस बाहेरगावी गेलात आणि मागे लाइट गेली, तर परत येऊन फरशी पुसा. मी आता फेसापुरतीच साखर घालतो, लिटरला 8 ग्रॅम, आणि गोडी ग्लासात काकवीने आणतो. सगळी साखर आंबली तरी वायू दुपटीच्या आसपास राहतो आणि अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या घरात. विरजण आदल्या दिवशी उपाशी ठेवायचं, नाहीतर त्यातली उरलेली साखर हिशेब चुकवते. लिटरला दोन लिंबांचा रस सुरुवातीलाच पडला पाहिजे. तो नुसता चवीसाठी नसतो, साखर कमी असताना आंबटपणाच पेय बिघडू देत नाही. आणि अल्कोहोल थोडा का होईना, होतोच. लहान मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नये.

आता साखर घालायची कशी? प्रत्येक बाटलीत चमचा टाकणं सोपं वाटतं. सपाट लहान चमच्यात साधारण 4 ग्रॅम मावते, पण माझा चमचा आणि आईचा चमचा एक नाही. त्यात बाटल्या लहान-मोठ्या असल्या की एक मिळमिळीत, दुसरी कारंजं. पाक बरा. पाच लिटरला 40 ग्रॅम साखर वाटीभर पाण्यात उकळायची, गार करून रिकाम्या भांड्याच्या तळाशी ओतायची आणि वरून पेय सोडायचं. स्वयंपाकाच्या काट्यावर 40 ग्रॅम नीट मोजता येतात, 4 मोजताना तो काटा डुलतो. भांडं म्हणून माळ्यावरचा जुना स्टीलचा वॉटर फिल्टर काढा. तोटीला माशांच्या टाकीची नवी नळी लावून ती बाटलीच्या तळापर्यंत सोडली की सांडलवंड होत नाही. एकट्याला दोनच बाटल्या भरायच्या असतील तर मात्र चमचाच ठीक. एवढ्यासाठी फिल्टर घासायला कोण बसेल?

गूळ चालतो, पण त्यात साखर किती हे ढेपेगणिक बदलतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी द्राक्षाचा रस घालतो. पिकलेल्या थॉमसनच्या रसात साखर साधारण पाचवा हिस्सा, म्हणून लिटरला 40 मिली. रंग फिका, वास सुरेख. अंदाज मात्र अंदाजच, तेव्हा असा घाणा प्लास्टिकच्याच बाटलीत.

बाटल्यांत माझं मत स्पष्ट आहे: पहिले सहा महिने कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली. फुकट मिळते, दाबासाठीच बनलेली असते, आणि मुख्य म्हणजे बोलते. सकाळी चहा ठेवताना अंगठ्याने दाबायची. पहिल्या दिवशी आत दबते, मग रबरासारखी उलटते, आणि ज्या दिवशी दगडासारखी लागते त्या दिवशी फ्रिजमध्ये. पाण्याची पातळ बाटली घेऊ नका. तळाला पाच पाय असलेलीच हवी. कढत पाण्याने धुतली की तिचा आकार जातो, आणि तीन-चार आठवड्यांत फेसही उतरायला लागतो. एवढे दिवस ती आमच्याकडे टिकत नाही, हा भाग वेगळा.

तारेच्या झाकणाची काचेची बाटली दिसायला देखणी. पण बाजारात त्यातल्या कितीतरी तेलासाठी किंवा शोभेच्या असतात, आणि काच चौकोनी असली की कोपरे आधी जातात. गोल, जाड आणि दाबासाठी म्हणूनच विकलेली असेल तरच घ्या. भंगारवाल्याकडच्या बिअरच्या बाटल्या स्वस्त आणि मजबूत, फक्त पत्र्याची बुचं आणि ती बसवायचं हातयंत्र मागवावं लागतं. महिन्याला वीस बाटल्या होत असतील तर परवडतं. काचेत भरताना प्लास्टिकची एक बाटली त्याच घाण्यातून भरून शेजारी ठेवा. काचेतलं काय चाललंय ते तीच सांगते. आणि भरताना वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा.

गोटी सोड्याची बाटली मला फार हवी होती. मिळालीसुद्धा. पण तिची गोटी दाबानेच वर येऊन रबरावर बसते; सोडेवाला बाटली उलटी धरून दाबाखाली भरतो म्हणून ते जमतं. आपल्या पेयात पहिल्या दिवशी दाबच नसतो, गोटी खालीच राहते आणि होणारा वायू तोंडातून निघून जातो. त्या बाटलीत आता मनीप्लँट आहे.

दिवसांचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये दीड-दोन दिवस पुरतात. डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की पाच-सहा दिवस लागतात; तेव्हा बाटल्या फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या उबेला ठेवा आणि त्यांच्यावर एक जुनं पोतं टाका.