रूलेटची ‘हमखास’ पद्धत शिकवणाऱ्या क्लासपासून सावध राहा

माझ्या धाकट्या भावाचे तीस हजार रुपये कोथरूडमधल्या एका क्लासच्या फीमध्ये गेले आणि त्याहून जास्त रूलेटच्या टेबलावर. क्लास घेणाऱ्याच्या नव्या बॅचेस अजून भरतायत, म्हणून हे लिहिते आहे.

रूलेट म्हणजे कॅसिनोतलं लाल-काळ्या घरांचं फिरतं चाक; गोळी कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायचे. शिकवणी अगदी सोपी. काळ्यावर 100 लावायचे. हरलात तर 200, मग 400, असं दुप्पट करत जायचं. काळं आलं की मागचं सगळं वसूल होऊन वर 100 सुटतात. सर लॅपटॉपवर चाक फिरवून दाखवायचे आणि वहीत हिशेब मांडायचे. वहीत पानोपानी नफाच. बरं, ती वही खोटी असेलच असंही नाही. बहुतेक वेळा खरोखरच 100 सुटतात, आणि त्यामुळेच शिकलासवरलेला माणूससुद्धा गळाला लागतो.

वहीत नसलेला हिशेब असा. एका शून्याच्या चाकावर 37 घरं असतात : 18 लाल, 18 काळी, एक हिरवं शून्य. म्हणजे काळ्यावर लावलं की 19 घरं तुमच्या विरुद्ध. सलग सात वेळा हरण्याची शक्यता साधारण 106 मध्ये एक. ऐकायला किरकोळ वाटते. पण सात वेळा हरलात की 12,700 रुपये गेलेले असतात. 105 वेळा शंभर-शंभर करून जमलेले 10,500 त्या एका फेरीत जातात, वर 2,200 पदरचे. डाव कसेही वाढवा-घटवा, लावलेल्या दर शंभरामागे सरासरी 2 रुपये 70 पैसे कॅसिनोचेच. दोन शून्यांच्या चाकावर 5 रुपये 26 पैसे.

पणजीला, मांडवी नदीतल्या एका कॅसिनो-बोटीवर, भावाच्या वाट्याला तीच फेरी आली. आठवा डाव 12,800 चा, आणि टेबलाची मर्यादा 10,000! दुप्पट करायची सोयच नाही. क्लासमध्ये या मर्यादेबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. जाब विचारला तर उत्तर आलं, “तू शिस्त पाळली नाहीस.” रात्रभर पोरगं स्वतःलाच दोष देत बसलं होतं. मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो.

“इतक्यांदा लाल आलं, आता काळं येणारच” असंही तिथे शिकवतात. चाकाला मागचं काही आठवत नसतं. 18 ऑगस्ट 1913 ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत सलग 26 वेळा काळं आलं आणि लालवर लावत राहिलेले लोक धुऊन निघाले.

भावाच्या पावतीवर रूलेटचं नावही नाही. ‘व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा, फी परत मिळणार नाही’ एवढंच छापलंय. तुमच्याकडे अशी पावती असेल तर फाडू नका. व्हॉट्सॲपवरची आश्वासनं आणि यूपीआयच्या नोंदीही जपून ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर उशीर न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आम्ही पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला आहे. याच क्लासला फसलेले आणखी कोणी पुढे आले तर तक्रारीला वजन येईल.