सवाईसाठी मुक्काम: गढी की वाडा?

नागपूरचे मावसभाऊ आणि वहिनी यंदा डिसेंबरात पुण्याला सवाई, म्हणजे शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, ऐकायला येणार म्हणाले तेव्हा आमच्या कोथरूडच्या वन-बीएचकेने हात वर केले. दादांना ‘एकदा राजवाड्यात राहायचंय’, वहिनींचा गुडघा दुखतो आणि माझं म्हणणं, परवडेल तिथे राहा. शेवटी एक रात्र जाधवगड या गढीतल्या हॉटेलात आणि पुढच्या तीन नारायण पेठेतला एक वाडा, असं ठरलं. गडावर मीही गेले होते, भाचीने पैसे भरले म्हणून.

जाधवगड दिवे घाट चढून गेल्यावर, सासवडच्या वाटेवर लागतो. १७१० साली पिलाजी जाधवरावांनी, म्हणजे शाहू महाराजांच्या सरदारांनी, बांधलेली गढी आहे ती. दारात तुतारी वाजली आणि वहिनी दचकून म्हणाल्या, “बाप्पा, आपल्यासाठी?” पुढचा तासभर त्यांची मान ताठ होती. आत ‘आई’ नावाचं संग्रहालय आहे, ते मुळीच चुकवू नका. वहिनी तिथल्या जुन्या भांड्यांसमोरून हलेचनात. असलीच भांडी त्यांनी लग्नानंतर मोडीत घातली होती म्हणे. संध्याकाळी दगडी भिंतीला टेकून बसलो, तर इतकं शांत की दादांचं घड्याळ ऐकू येत होतं.

पण गडावर राहायचं तर दुसरं काही ठरवू नये. सवाई मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. रात्री दहाला शेवटची भैरवी ऐकून हडपसर ओलांडायचं आणि अंधारात घाट चढायचा, हा उद्योग कुणी सांगितलाय? निवांत जावं, वाटेत घाटातून मस्तानी तलाव बघावा, सीताफळं-अंजिरांचे दिवस असतील तर ती घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथून हलू नये. एका रात्रीच्या पैशात वाड्यात आठवडा निघतो, तेव्हा ते वसूल करायलाच हवेत. ज्ञानेश्वर माउलींची पालखी घाटात असते त्या दिवशी मात्र जाऊ नका, रस्ता बंद असतो.

आता वाडा. नाव लिहीत नाही, कारण वाडा चालवणाऱ्या काकांनी बजावलंय, “पाचच खोल्या आहेत, जाहिरात नको.” दिंडी दरवाजातून वाकून आत शिरायचं. चौकात आड आहे, त्यावर जाळी, जाळीवर तुळस. खोल्या वर. जिना अंधारा आणि उभा, धरायला आढ्यापासून एक दोरखंड सोडलेला. हात लागून लागून तो इतका गुळगुळीत झालाय की सुती वाटतच नाही, आणि तीन ठिकाणी गाठी, नेमक्या जिथे पायरी उंच आहे तिथे. वहिनींचा गुडघा आठवून माझ्या पोटात गोळा आला. पहिल्या दिवशी त्या बसत बसत वर गेल्या. तिसऱ्या रात्री बघते, तर एका हातात दोर, दुसऱ्यात चिवड्याची पिशवी, आणि तोंडाने दादांना सूचना.

तक्रार एकच, पण मोठी. गरम पाणी बंबाचं, आणि बंब सहाला पेटतो, आठला विझतो. दादा ऐकलेल्या मारवा रागाची चर्चा रात्री बारापर्यंत करत बसले, सकाळी साडेआठला उठले आणि कोमट अर्ध्या बादलीवर भागवावं लागलं. बोलले काकांना. काका म्हणाले, “सवाईला जागरण होतं हे मला कळतं हो, बंबाला कसं कळणार?” चहा मात्र साडेसहाला दारात, मागा किंवा न मागा. अठराशे रुपयांत खोली आणि नाष्टा, म्हणजे एक दिवस पोहे, एक दिवस उपमा. आवडनिवड विचारत नाहीत. गाडी आणू नका, लावायला जागा नाही. मुकुंदनगरला रिक्षाने जावं.

संडास-न्हाणीघर व्हरांड्याच्या टोकाला आहे. ज्यांना खोलीतच लागतं त्यांनी पेठेत उतरूच नये, गडावर जावं आणि सवाई फोनवर ऐकावी.

दादांना गड आवडला, फोटो अजून पाठवताहेत. पुढच्या डिसेंबरचं बुकिंग मात्र वहिनींनी निघतानाच केलं, वाड्याचं, चारही रात्री. काकांनी वहीत पेन्सिलीने नाव लिहिलं. अॅडव्हान्स विचारला तर म्हणाले, “कशाला? नाही आलात तर खोडरबर आहे.”