मुलांचं सनस्क्रीन: लोशन, स्टिक की स्प्रे?

दुकानात मुलांचं सनस्क्रीन निवडताना पालक दोन गोष्टी बघतात: ट्यूबवरचा मोठा आकडा आणि लावताना पोर किती कटकट करेल. यातली दुसरी जास्त महत्त्वाची. तो आकडा म्हणजे एसपीएफ, उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचं माप. एसपीएफ 30 हे उन्हाने त्वचा भाजवणारे यूव्हीबी हे अतिनील किरण सुमारे 97 टक्के अडवतं, 50 सुमारे 98. फरक एवढाच. यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांसाठी मात्र 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलंय का ते बघायलाच हवं.

खरी गोम प्रमाणात आहे. हा आकडा ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावतात. घरी त्याच्या निम्मंही लागत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाने हाफ पँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला असेल, तर उघड्या अंगाला साधारण चमचाभर, म्हणजे 5 मिली लोशन लागतं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. या हिशेबाने 50 मिलीची ट्यूब जेमतेम दहा वेळा पुरते. रोज मैदानावर जाणाऱ्या मुलाची ट्यूब दोन-तीन महिने चालत असेल, तर ती काटकसर उन्हाच्या पथ्यावर पडतेय. म्हणून छोट्या महागड्या ट्यूबपेक्षा हात आखडता न घेता वापरता येईल अशी मोठी बाटली चांगली.

लोशनचा फायदा हाच, की किती लावलं ते दिसतं. झिंक ऑक्साइडचं लोशन नाजूक त्वचेला सहसा झोंबत नाही, पण पांढरा थर राहतो. सावळ्या त्वचेवर तो उठून दिसतो, मुलं लाजतात आणि मग पालकही हात आवरता घेतात. ठिपके देऊन थोडं थोडं पसरवलं की थर बराच कमी दिसतो.

स्टिक डोळ्यांभोवती, नाकावर, कानांवर उत्तम, कारण ओघळून डोळ्यांत जात नाही. एकदा फिरवून भागत नाही. त्याच जागी तीन-चार वेळा फिरवून बोटाने पसरवावी लागते. पूर्ण अंगासाठी ती घेऊ नये.

स्प्रे पालकांचा लाडका, कारण काम झटपट उरकतं. पण वाऱ्यात अर्धा उडून जातो, पट्टे सुटतात, उरलेला मुलाच्या नाकातोंडात. घेतलाच असेल तर आधी आपल्या तळहातावर मारून मग चोळावा. चेहऱ्यावर थेट कधीच नाही.

तिन्हींपेक्षा भरवशाचा पूर्ण बाह्यांचा, यूपीएफ 50 चा सदरा (यूपीएफ म्हणजे कापड ऊन किती अडवतं त्याचं माप). तो किरणांचा पन्नासावा भागच आत सोडतो आणि दर दोन तासांनी लावावा लागत नाही. साधा पातळ सुती शर्ट ओला झाला की त्यातून जास्त किरण जातात. टोपी चौफेर काठाची हवी. नुसता पुढे पट्टा असलेल्या टोपीत कान आणि मानेचा मागचा भाग उघडाच राहतो. सनस्क्रीन लावतानाही नेमके हेच सुटतात, शिवाय पावलांचे वरचे भाग.

कधी लावायचं हे बहुतेक घरी उकाड्यावर ठरतं. अतिनील किरण अंगाला जाणवत नाहीत. गार वाऱ्याच्या किंवा विरळ ढगांच्या दिवशीही ते भरपूर असतात. हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही निर्देशांक, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, 3 किंवा जास्त असेल, तर बाहेर पडण्याआधी 15-20 मिनिटं लावावं. सहा महिन्यांखालच्या बाळाला शक्यतो यातलं काहीच नको, त्याला सावली आणि सैल कपडे. बाटली तापलेल्या गाडीत ठेवू नये; लोशन फुटून पाणी आणि गाठी वेगळ्या दिसल्या, तर मुदत उरलेली असली तरी टाकून द्यावी.